लेथची उंची आणि कारागिराची पाठ

मुलाच्या हातातील भोवरा, स्वयंपाकघरातील लाटणे, पाळण्याचे कातीव खूर, बुद्धिबळातील प्यादे आणि देव्हाऱ्याचे गोल खांब यांचे उपयोग भिन्न असले, तरी त्यांचे जन्मस्थान एकच आहे. ज्या यंत्रावर लाकूड स्वतःभोवती फिरत राहते आणि कारागीर हातातील धारदार हत्यार त्याला टेकवून त्यास गोल आकार देतो, त्या लेथवर या सर्व वस्तू तयार होतात. हे काम करणाऱ्यास मराठीत कातारी म्हणतात. इतर बहुतेक यंत्रांत हत्यार यंत्राच्या स्वाधीन असते. लाकडाच्या लेथवर मात्र ते अखेरपर्यंत माणसाच्या हाती असते. यंत्र केवळ लाकूड फिरवते. कापणे, थांबणे, वळणे आणि मागे येणे हे सर्व कारागिराच्या शरीराने करावयाचे असते. म्हणून यंत्र आणि शरीर यांची जुळणी हा या धंद्यात गौण प्रश्न नव्हे.

तथापि, नवा लेथ बसविताना या जुळणीचा विचार क्वचितच होतो. मोटरची शक्ती, फेऱ्यांची गती, हत्यारांची धार, लाकडाची जात यांची चौकशी कसोशीने केली जाते. उंची मात्र जी असेल ती पत्करली जाते. हाताशी जे मेज असेल त्यावर लेथ ठेवला जातो आणि काम सुरू होते. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. काही आठवड्यांनी संध्याकाळी कंबर भरून येऊ लागते, काही महिन्यांनी मान अवघडते आणि कालांतराने कारागीर असे समजू लागतो की, हे दुखणे धंद्याबरोबर यावयाचेच. प्रस्तुत पाठात आपणास हे पाहावयाचे आहे की, या दुखण्याचा बराचसा भाग धंद्यात नसून मेजाच्या पायांत असतो आणि तो एका साध्या मोजमापाने टाळता येतो.

बसून कातणे आणि उभे राहून कातणे

भारतात लाकूड कातण्याची परंपरा जुनी आहे. कर्नाटकातील चन्नपट्टण आणि आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका ही गावे कातीव खेळण्यांसाठी, तर गुजरातमधील संखेडा कातीव पायांच्या रंगीत लाकडी सामानासाठी प्रसिद्ध आहे. चन्नपट्टण व एटिकोप्पाका येथे काळ्या कुड्याचे मऊ, पांढरट लाकूड मुख्यत्वे वापरतात. फिरत्या वस्तूवर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर तिचा पातळ थर बसतो. मग केवड्याच्या पानाने घासून त्यास चकाकी आणतात.

जुन्या पद्धतीच्या लेथवर कारागीर जमिनीवर बसून काम करीत असे. लाकडाभोवती दोरीचा वेढा देऊन ती धनुकलीने किंवा मदतनिसाच्या हातांनी पुढेमागे ओढली जाई, लाकूड आलटून पालटून दोन्ही दिशांनी फिरे आणि ते कारागिराकडे फिरत असतानाच हत्यार कापी. हत्यार स्थिर धरण्यास पायाच्या बोटांचेही साहाय्य घेतले जाई. यंत्र जमिनीलगत असे आणि कारागीरही जमिनीवरच असे. त्यामुळे उंचीचा प्रश्न आपोआप सुटत असे. फिरणारे लाकूड हातांच्या सहज आवाक्यात येई आणि नजर वरून थेट त्यावर पडे.

पुढे वीज आली, मोटर आली आणि पुष्कळ ठिकाणी लेथ मेजावर चढला. कारागीर उभा राहिला. उभे राहण्यात मोठा लाभ आहे. लांब खांब कातताना किंवा मोठ्या वाडग्याच्या कडेवरून हत्यार फिरविताना केवळ हात पुरत नाहीत; पायांवर भार बदलीत सबंध शरीर हत्याराबरोबर सरकावे लागते, आणि हे उभ्या माणसास अधिक सुलभ जाते. परंतु उभे राहताच एक नवा प्रश्न निर्माण झाला. जमीन सर्वांना सारखीच जवळ असते. उभ्या माणसाचे कोपर मात्र प्रत्येकाचे निराळ्या उंचीवर असते.

पाठ का वाकते?

सामान्य समजूत अशी आहे की, लेथ ठेंगणा असला म्हणजे हात खाली न्यावे लागतात आणि म्हणून पाठ वाकते. ही समजूत अर्धवट आहे. हात तर मांडीपर्यंत सहज खाली पोचतात. त्यासाठी वाकण्याचे कारण नाही. पाठ वाकते ती प्रायः हातांसाठी नव्हे, तर डोळ्यांसाठी.

एक उदाहरण घेऊ. १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस सरळ उभा असता त्याचे डोळे जमिनीपासून सुमारे १५४ सेंटिमीटरवर आणि कोपर सुमारे १०४ सेंटिमीटरवर असते. म्हणजे डोळे आणि कोपर यांच्या पातळीत साधारण ५० सेंटिमीटरचे अंतर आहे. हत्याराची धार लाकडास कोठे टेकली आहे, ढलपी कशी निघते आहे, रेषा कोठे वळते आहे, हे पाहण्यास एवढे अंतर सोयीचे असते. आता लेथ १५ सेंटिमीटर खाली असेल, तर हेच अंतर ६५ सेंटिमीटर होते. हात खुशाल पोचतात. परंतु बारीक रेषा स्पष्ट दिसत नाही. कारागीर नकळत डोके पुढे काढतो, मग खांदे पुढे येतात आणि शेवटी कंबर वाकते. आपण वाकलो आहोत हे त्यास कळतही नाही, कारण त्याचे सर्व लक्ष धारेवर असते.

या वाकण्याची किंमत किती, हे तरफेच्या नियमाने काढता येते. कंबरेतून वाकलेले शरीर म्हणजे एक तरफच होय. पाठीच्या कण्याचा खालचा भाग हा टेकू. धड, डोके आणि हात यांचे वजन हा भार. आणि कण्यालगतचे स्नायू हे तो भार तोलून धरणारे बल. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा कंबरेवरील भाग हिशेबापुरता ३५ किलोग्रॅम धरू आणि त्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून ३० सेंटिमीटर वर मानू. पाठीचे स्नायू कण्यापासून फार दूर नसतात. त्यांचे टेकूपासूनचे अंतर सुमारे ५ सेंटिमीटर असते.

माणूस ताठ उभा असता गुरुत्वमध्य जवळजवळ टेकूच्या वरच असतो आणि स्नायूंना अत्यल्प श्रम पडतात. तो १० अंशांनी वाकला की गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटरांहून किंचित अधिक पुढे जातो आणि स्नायूंना सुमारे ३६ किलोग्रॅम भाराइतका ताण द्यावा लागतो. २० अंशांनी वाकला तर हा ताण ७२ किलोग्रॅमपर्यंत चढतो, आणि ३० अंशांनी वाकल्यास १०५ किलोग्रॅमपर्यंत. म्हणजे तांदळाचे एक मोठे पोते उचलावे, इतके बल केवळ स्वतःचे शरीर सावरण्यात खर्च होते. त्यातून एकही ढलपी निघत नाही. हा हिशेब ढोबळ आहे. परंतु त्यावरून एवढे निश्चित दिसून येते की, थोडेसे वाकणे ही थोडीशी गोष्ट नव्हे.

शिवाय हा ताण अखंड असतो. ओझे उचलणारा हमाल ओझे उतरवून क्षणभर विसावतो. लेथवर वाकलेला कारागीर मात्र तास तास त्याच स्थितीत राहतो. आकुंचन पावून राहिलेल्या स्नायूंत रक्ताचा प्रवाह मंदावतो आणि म्हणून ते लवकर थकतात. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. धंद्यात हाताळल्या जाणाऱ्या घातक द्रव्यांप्रमाणेच शरीराच्या अस्वाभाविक ठेवणीमुळेही कारागीर आजारी पडतात, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. तीन शतके लोटली, तरी मेजाची उंची ठरविताना त्यांचे हे निरीक्षण आपण विसरतो.

लेथ फार उंच असल्यास

ठेंगणेपणा वाईट म्हणून उंची हवी तेवढी वाढवावी, असे मात्र नाही. लेथ कोपराच्या पातळीहून बराच वर गेला म्हणजे बाहू शरीरापासून दूर उचलून धरावे लागतात. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतका जड असतो. ६० किलोग्रॅमच्या माणसाचे दोन्ही हात मिळून सहा किलोग्रॅम होतात. हात बाजूस लोंबत असता हा भार खांद्यांवर सरळ खाली येतो. तेच हात पुढे उचलले की खांद्याचे स्नायू सतत ताणलेले राहतात आणि मान व खांदा यांमधील भाग दुखू लागतो.

याहून गंभीर दोष हत्याराच्या पकडीत निर्माण होतो. कुशल कातारी हत्याराची मूठ केवळ मनगटाने धरीत नाही. तो ती अग्रबाहूस लावून, प्रसंगी कंबरेच्या बाजूस टेकवून धरतो आणि शरीराच्या हालचालीने तिला दिशा देतो. लेथ फार उंच असला म्हणजे मूठ शरीरापासून सुटते आणि सर्व धक्का मनगटावर येतो. फिरत्या लाकडात धार एकाएकी रुतली, तर हत्यार हातातून हिसकले जाण्याचा संभव असतो. तेव्हा योग्य उंची ही केवळ आरामाची बाब नसून सुरक्षिततेचीही आहे.

कोपराचे माप

वरील दोन्ही टोके टाळणारी मधली जागा कोणती? अनुभवी कारागिरांनी स्वीकारलेला नियम असा: लेथचा आस, म्हणजे ज्या रेषेभोवती लाकूड फिरते ती रेषा, काम करणाऱ्याच्या कोपराच्या पातळीवर असावी. अशा स्थितीत दंड शरीरालगत सैल राहतो, अग्रबाहू जवळजवळ आडवा राहतो, मूठ कंबरेशी येते आणि डोळे लाकडापासून योग्य अंतरावर राहतात.

कोपराची उंची माणसाच्या एकूण उंचीच्या सुमारे ०.६३ पट असते. त्या हिशेबाने १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे कोपर ८८ सेंटिमीटरवर, १५० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे सुमारे ९५ वर, १६० चे १०१ वर, १७० चे १०७ वर आणि १८० सेंटिमीटरच्या माणसाचे ११३ सेंटिमीटरवर येईल. परंतु हे आकडे अंदाजासाठी आहेत. प्रत्यक्ष माप घेणे हेच श्रेयस्कर. सारख्या उंचीच्या दोन माणसांच्या पायांची आणि बाहूंची लांबी सारखी असेलच असे नाही. भारतीयांच्या शरीरमापांचा संग्रह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. यंत्रे व सामान यांची रचना करणाऱ्यांना अशा संग्रहाचा मोठा उपयोग होतो. मात्र ज्यास एकाच माणसासाठी एकच लेथ बसवावयाचा आहे, त्याला सरासरीची गरज नाही. तो माणूस त्याच्यासमोर उभा असतो.

माप पुढीलप्रमाणे घ्यावे. काम करताना जे पादत्राण वापरावयाचे असेल तेच घालून भिंतीलगत सरळ उभे राहावे. पाठ ताठरू नये व खांदे उचलू नयेत. दंड बाजूस सैल सोडून अग्रबाहू काटकोनात पुढे आणावा. दुसऱ्या व्यक्तीने सुताराचा गुण्या भिंतीस लावून कोपराच्या खालच्या टोकाची पातळी भिंतीवर खुणेने दाखवावी आणि जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. चार पावले चालून येऊन हीच कृती आणखी दोनदा करावी व तिन्ही मापांची सरासरी काढावी. प्रथम माप घेताना माणूस जाणूनबुजून ताठ उभा राहतो. तिसऱ्या खेपेस तो बहुधा आपल्या स्वाभाविक स्थितीत येतो.

आता मेजाची उंची काढणे सोपे आहे. लेथच्या तळापासून त्याच्या आसापर्यंतचे अंतर मोजून ते कोपराच्या उंचीतून वजा करावे; तळाखाली रबराचे तुकडे घालावयाचे असल्यास त्यांची जाडीही वजा करावी. समजा, कोपर १०४ सेंटिमीटरवर आहे, लेथच्या तळापासून आस २८ सेंटिमीटरवर आहे आणि रबर १ सेंटिमीटर जाडीचे आहे. तर मेज १०४ वजा २८ वजा १, म्हणजे ७५ सेंटिमीटर उंच हवे.

मेज बांधण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. दोन खुर्च्यांवर फळ्यांची चळत रचून तीवर काढलेल्या उंचीला एक लाटणे किंवा गोल दांडा आडवा बांधावा. हातात गोल पटाशी घेऊन, यंत्र फिरते आहे अशी कल्पना करून, दहा मिनिटे कातण्याच्या हालचाली कराव्यात. खांदे वर चढत असतील तर एक फळी काढावी. मान पुढे जात असेल तर एक फळी चढवावी. या दहा मिनिटांत जे कळते, ते मेज पक्के झाल्यानंतर कळून उपयोग नसतो.

कामाप्रमाणे फरक

कोपराची पातळी हा आरंभबिंदू आहे. तो कधीही न बदलणारा नियम नव्हे. लाटणी, खांब, पाळण्याचे खूर यांसारखी लांब कामे दोन टोकांच्या मध्ये धरून कातली जातात. त्यांत हत्याराची मूठ धारेपेक्षा खाली राहते व कारागीर वरून पाहतो. येथे आस कोपराच्या पातळीवर असणे उत्तम. वाडगी, परडी, डबे यांची पोकळी कोरताना मात्र कारागिरास वस्तूच्या तोंडातून आत पाहावे लागते. त्यासाठी तो पुन्हा वाकू लागतो. जो मुख्यतः अशीच कामे करतो, त्याने आस कोपराहून दोन ते पाच सेंटिमीटर वर ठेवल्यास पाठ सरळ राहते. जवळचे दिसण्यासाठी चष्मा लावणाऱ्यांनीही वरील परीक्षा चष्मा लावूनच करावी, कारण पाठीची ठेवण अखेर डोळेच ठरवितात.

ज्यांना फार वेळ उभे राहणे शक्य नाही, त्यांना खुर्चीवर किंवा चाकांच्या खुर्चीत बसूनही लहान वस्तू कातता येतात. तेथेही माप कोपराचेच. फरक एवढाच की, ते बसलेल्या स्थितीत घ्यावयाचे आणि मेजाखाली गुडघ्यांना पुरेशी जागा ठेवावयाची.

यंत्र उंच करावे की माणूस?

एकट्या कारागिराचा प्रश्न येथे सुटला. शाळेच्या कार्यशाळेत मात्र एकाच लेथवर अनेक विद्यार्थी काम करतात. १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचे कोपर ८८ सेंटिमीटरवर आणि १७५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे ११० सेंटिमीटरवर असेल, तर दोघांत २२ सेंटिमीटरचे अंतर पडते. अशा वेळी मधली उंची घेण्याचा मोह होतो. तसे केल्यास लेथ दोघांनाही ११ सेंटिमीटरांनी गैरसोयीचा होतो आणि न्याय कोणालाच मिळत नाही.

योग्य मार्ग असा की, लेथ सर्वांत उंच व्यक्तीच्या मापाने बसवावा आणि इतरांसाठी लाकडी फलाट तयार ठेवावेत. कारण उघड आहे. ठेंगण्या माणसास फलाटावर उभे करता येते. उंच माणसासाठी जमीन खणता येत नाही. हातमागाच्या धंद्यात मात्र तेही करून पाहिले गेले आहे. खड्डामागावर विणकर खड्ड्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो, त्यामुळे माग जमिनीलगत राहूनही त्याला ताठ बसता येते. माप शरीराचे घ्यावे आणि साधन त्यास जुळवावे, हा विचार आपल्या कारागिरांना अपरिचित नव्हता, याची ही साक्ष होय.

५, १० आणि १५ सेंटिमीटर उंचीचे फलाट केले असता बहुतेक विद्यार्थ्यांची सोय होते. फार लहान मुलांसाठी आणखी एक २० सेंटिमीटरचा करावा. फलाट लेथच्या सबंध लांबीहून थोडा अधिक लांब आणि निदान ६० सेंटिमीटर रुंद असावा, कारण कारागीर एका जागी खिळून राहत नाही; तो हत्याराबरोबर डावीउजवीकडे सरकतो. अरुंद पाटावर किंवा विटांच्या थरावर विद्यार्थ्यास कदापि उभे करू नये. फलाट डुगडुगता कामा नये, त्याचा पृष्ठभाग खरखरीत असावा आणि कडेला ठळक रंगाचा पट्टा असावा. त्यावर साचणाऱ्या ढलप्या व भुसा वरचेवर झाडून काढावा, अन्यथा पाय घसरतो.

उंचीबरोबर स्थैर्य

लेथ वर उचलला की आणखी एक अडचण संभवते. यंत्राचा गुरुत्वमध्य वर जातो आणि ते डोलू लागते. ओबडधोबड ठोकळा प्रथम लेथवर चढविला जातो तेव्हा त्याचे वजन आसाभोवती सारखे विभागलेले नसते. समजा, ठोकळ्याच्या एका बाजूस १०० ग्रॅम वजन जास्त आहे आणि ते आसापासून १० सेंटिमीटरवर आहे. मिनिटास ६०० फेऱ्यांच्या गतीने हा ठोकळा फिरला, तर त्या जादा वजनामुळे सुमारे ४ किलोग्रॅम भाराइतकी केंद्रोत्सारी प्रेरणा निर्माण होते आणि ती यंत्रास सेकंदास दहा वेळा इकडून तिकडे ढकलते. गती दुप्पट, म्हणजे १२०० फेरे केली, तर प्रेरणा दुप्पट न होता चौपट होते. ती १६ किलोग्रॅमवर जाते.

आता लेथ व मेज मिळून ६० किलोग्रॅम वजनाचे आहेत आणि पायांमधील रुंदी ४० सेंटिमीटर आहे, असे समजू. आस १०५ सेंटिमीटरवर असेल, तर आसाजवळ सुमारे साडेअकरा किलोग्रॅमचा आडवा जोर लावताच एका बाजूचे पाय उचलू लागतील. म्हणजे ६०० फेऱ्यांना हे यंत्र तग धरील. १२०० फेऱ्यांना मात्र ते नाचू लागेल. येथे दोन उपाय आहेत. मेजाचे पाय खाली फाकवून रुंदी ६० सेंटिमीटर केली, तर तोच जोर १७ किलोग्रॅमवर जातो. त्याखेरीज मेजाच्या खालच्या फळीवर ६० किलोग्रॅम वाळूची पेटी ठेवली, तर तो ३४ किलोग्रॅमपर्यंत पोचतो. वाळू स्वस्त असते, जोर तर वाढवितेच आणि कंपही शोषून घेते. यावरून हेही ध्यानात यावे की, यंत्र कितीही जड केले तरी ठोकळा ओबडधोबड असेतो गती कमी ठेवणे, हाच पहिला उपाय होय.

मेज उंच करण्यासाठी पायांखाली सुट्या विटा किंवा पाचरी ठेवणे धोक्याचे आहे. कंपनाने त्या हळूहळू सरकतात. पायांना लाकडी ठोकळे बोल्टने जखडावेत किंवा पाय मुळातच योग्य लांबीचे करावेत. चारही पाय जमिनीस सारखे टेकले आहेत की नाही, हे कागदाचा तुकडा प्रत्येक पायाखाली सरकवून पाहावे आणि लेथची पातळी पाणसळीने तपासावी.

शेवटची जुळणी

उंची व स्थैर्य साधल्यानंतर टूल रेस्ट, म्हणजे हत्यार ज्यावर टेकते तो आधार, जुळवावा. शरीर सरळ ठेवून हत्यार स्वाभाविकपणे धरले असता धार लाकडाच्या योग्य जागी पडेल, अशा बेताने त्याची उंची ठेवावी. आधार लाकडापासून सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर असावा. यंत्र सुरू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते कोठे घासत नाही ना, हे पाहावे. यंत्र फिरत असता आधार हलवू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, तोंडावर धुळीचा पट्टा आणि अंगासरशी बसणारे कपडे हवेत. ओढणी, सैल बाही अथवा गळ्यातील साखळी घालून लेथजवळ जाऊ नये.

प्रकाशाची योजनाही उंचीशी निगडित आहे. दिवा मागे असेल तर कारागिराची सावली कामावर पडते आणि उंची अचूक असूनही तो वाकू लागतो. म्हणून दिवा बाजूने, थोडा वरून असावा. तिरप्या प्रकाशात लाकडावरील उंचसखलपणाही स्पष्ट दिसतो. पाय किंचित फाकवून, एक थोडा पुढे ठेवून उभे राहावे, भार एका पायावरून दुसऱ्यावर बदलीत राहावे आणि तासाभराने चार पावले चालावे. उत्तम उंचीचा लेथदेखील माणसास अखंड एकाच स्थितीत उभे राहण्याची मुभा देत नाही.

करून पाहा

१. आपल्या वर्गातील सर्व विद्यार्थ्यांची एकूण उंची आणि कोपराची उंची मोजा. प्रत्येकाच्या बाबतीत दुसऱ्या संख्येस पहिलीने भागा. उत्तर ०.६३ च्या किती जवळ येते? सर्वांत अधिक फरक किती पडतो?

२. शाळेतील लेथचा आस १०८ सेंटिमीटरवर आहे आणि एका विद्यार्थिनीचे कोपर ९३ सेंटिमीटरवर आहे. तिला किती उंचीचा फलाट लागेल?

३. घरातील ओटा, शिलाईचे यंत्र, लिहिण्याचे मेज यांच्या उंचीची तुलना ते वापरणाऱ्या व्यक्तीच्या कोपराशी करा. कोणते काम कोपराच्या वर, कोणते खाली आणि कोणते त्याच पातळीवर चालते? असे का असावे?

४. आपल्या गावातील एखाद्या सुताराचे किंवा कातारी कारागिराचे काम अर्धा तास पाहा. तो केव्हा व किती वाकतो, याची नोंद करा. त्याची अनुमती असल्यास त्याच्या कोपराचे आणि यंत्राचे माप घ्या व दोहोंतील फरक त्याला दाखवा.

यांपैकी चौथा प्रयोग विशेष मोलाचा आहे. हत्याराची धार बोथट झाली, तर कारागीर ती निसण्यावर पुन्हा चढवितो. लाकूड फुकट गेले, तर दुसरे आणतो. पाठीस मात्र दुसरी पाठ नाही, आणि हाताने काम करणाऱ्याचे खरे भांडवल तीच असते. एक मोजपट्टी, एक गुण्या आणि अर्धा तास एवढ्या सामग्रीने जर त्या भांडवलाचे रक्षण होत असेल, तर लेथची पहिली ढलपी निघण्यापूर्वी तो अर्धा तास खर्च करणे शहाणपणाचे होय.